अल्सरची जखम नक्की भरून कोण काढतं?

खाडीपलीकडचा | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, घरात सध्या एकच विषय, सासऱ्यांचं पोट. ते कळव्याला राहतात, वय ६८, गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं डायक्लोफिनॅक ही पेनकिलर. पोटात आग पडते, जेवण जात नाही म्हणून दुर्बीण टाकली. रिपोर्टात लिहिलंय: अँट्रममध्ये (जठराच्या खालच्या भागात) साधारण १ सेंटीमीटरचा व्रण, तळ स्वच्छ, फॉरेस्ट ३ (म्हणजे रक्तस्रावाची खूण नाही). कडेचे तुकडे बायोप्सीला गेले होते. कॅन्सर नाही, एच. पायलोरी हा जंतू आहे. मग २ आठवडे अँटिबायोटिकचा कोर्स, आणि पॅन फॉर्टी ही आम्ल कमी करणारी गोळी उपाशीपोटी, एकूण ८ आठवडे.

अँटिबायोटिक संपले, पोट दुखायचं थांबलं आणि सासऱ्यांनी जाहीर केलं की आता ती उपाशीपोटीची गोळीही बंद. दुखत नाही म्हणजे भरलं! त्यात मेव्हण्याने ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय. त्याचं म्हणणं, जखम भरायला 'ग्रोथ फॅक्टर' लागतात, आम्लाच्या गोळ्या म्हणजे नुसती धूळफेक. डॉक्टरांना विचारलं तर "गोळी चालू ठेवा" इतकंच म्हणाले. बाहेर एवढी रांग होती की पुढे विचारायची मलाच लाज वाटली.

तर माझा प्रश्न. गोळी आम्ल कमी करते, हे कळतं. जंतू मेले, हेही कळतं. पण पोटात जे भोक पडलंय ते भरतं कोण? आणि हे ग्रोथ फॅक्टर प्रकरण खरं आहे की मेव्हण्याच्या नेहमीच्या फॉरवर्डांपैकीच एक?

सानपाडा_लोकल | रात्री १०:३०

वाचतेय. आमच्याकडे हाच सीन आईबरोबर झालाय. दुखणं थांबलं की स्ट्रिप कपाटात.

नौपाड्याचे_अण्णा | रात्री १०:४७

आमच्या वेळी असली प्रकरणं नव्हती. अल्सर झाला की दर दोन तासांनी थंड दूध आणि मऊ भात. माझे काका तेवढ्यावर ऐंशी पार गेले.

पेशीवाली | रात्री ११:२५

खाडीपलीकडचा, झकास प्रश्न. मी नवी मुंबईत एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. डॉक्टर नाही, तेव्हा सासऱ्यांच्या गोळ्यांबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. जखम कशी भरते तेवढं मात्र सांगू शकते. लांबण लागेल.

जठराचं अस्तर वरवर खरवडलं गेलं तर ते फार चटकन निस्तरतं. शेजारच्या पेशी चपट्या होतात आणि उघड्या पडलेल्या जागेवर सरकत जातात. नव्या पेशी तयार व्हायचीही वाट बघत नाहीत. काही मिनिटांत काम सुरू होतं, काही तासांत जागा झाकलेली असते. आपण रोज पोटात जे काय ढकलतो, त्याची डागडुजी अशी गुपचूप चाललेली असते.

अल्सर ही निराळी गोष्ट. तो अस्तराच्या तळाचा पातळ स्नायूचा थर फोडून खाली उतरलेला असतो. तिथल्या ग्रंथी गेल्या, रक्तवाहिन्या गेल्या, आधाराची ऊती गेली. नुसतं सरकून भागत नाही, सगळं नव्याने उभं करावं लागतं आणि तेही दोन आघाड्यांवर. तळाशी आधी पांढऱ्या पेशी येऊन मेलेला मालमसाला साफ करतात, मग फायब्रोब्लास्ट (आधाराची ऊती बनवणाऱ्या पेशी) आणि नव्या केशवाहिन्या मिळून लालसर, दाणेदार ऊती तयार करतात. कडेला ग्रंथी फुगतात, त्यांतल्या पेशी आपलं रोजचं काम सोडून भराभर विभागू लागतात आणि त्या दाणेदार ऊतीवरून मध्याकडे सरकतात. खालून भराव आणि कडेने छप्पर. यातलं एक मागे पडलं की दुसरं अडतं.

या सगळ्यांना कामाला लावतात ते ग्रोथ फॅक्टर. छोटी प्रथिनं असतात. एका पेशीने सोडायची, दुसरीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर जाऊन बसायची, की ती पेशी सरकते, विभागते किंवा कोलॅजन हे आधाराचं प्रथिन बनवायला घेते. अस्तराच्या पेशींना हाकारणारे मुख्यतः ईजीएफ, टीजीएफ-अल्फा आणि एचजीएफ (नावातलं जीएफ म्हणजे ग्रोथ फॅक्टर). जोडीला ट्रेफॉइल नावाची प्रथिनं, ती पेशींना सरकायला मदत करतात. नव्या रक्तवाहिन्यांसाठी व्हीईजीएफ आणि बेसिक एफजीएफ. भराव आणि कोलॅजनसाठी पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा. म्हणजे मेव्हण्याच्या व्हिडिओतला पहिला अर्धा भाग खरा आहे.

यातल्या ईजीएफची गोष्ट मला फार आवडते, वर्गात दरवर्षी सांगते. स्टॅन्ली कोहेन उंदरांच्या लालाग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते, तर पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले. त्या अर्कातून ईजीएफ हाती लागलं, ५३ अमिनो आम्लांची साखळी. १९८६ चं नोबेल कोहेन आणि रीटा लेव्ही-माँतालचिनी यांना मिळालं ते याच ग्रोथ फॅक्टरांच्या कामासाठी. मधल्या काळात, १९७५ मध्ये, हॅरी ग्रेगरी माणसाच्या लघवीतून जठराचं आम्ल कमी करणारा पदार्थ शोधत होते. त्याचं नाव यूरोगॅस्ट्रोन. त्याची साखळी वाचली तर ती उंदराच्या ईजीएफशी जुळणारी! एक जण पोटाकडून निघालेला, दुसरा पापण्यांकडून, आणि दोघे एकाच प्रथिनाशी येऊन थांबले.

माणसात हे ईजीएफ लाळेत असतं. उंदरांच्या लालाग्रंथी काढून टाकल्या की त्यांचे अल्सर उशिरा भरतात, हे वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलंय.

आता गोळीचं काय? पाऊस कोसळत असताना घोडबंदर रोडचे खड्डे बुजवायला माणसं उतरली तर काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. पॅन फॉर्टी पाऊस थांबवते. खड्डा ती बुजवत नाही, पण ती नसेल तर बुजवणाऱ्यांनी घातलेलं सगळं वाहून जातं. आम्लात बेसिक एफजीएफ टिकत नाही. पेप्सिन हे पाचक द्रव्य आम्लात जोमाने चालतं आणि पीएच ४ च्या वर गेला की थंडावतं. प्लेटलेटची गुठळीही तीव्र आम्लात नीट धरत नाही, आणि पीडीजीएफ, व्हीईजीएफचा पहिला साठा त्याच प्लेटलेटमधून सुटतो. तेव्हा "आम्लाच्या गोळीने काही होत नाही" हा व्हिडिओचा दुसरा अर्धा भाग साफ चूक.

नौपाड्याचे_अण्णा | रात्री ११:४१

खड्ड्यांचं पटलं. पण आमच्याकडे वरून डांबर फासतात, आत पोकळ. पंधरा दिवसांत जैसे थे. पोटात असं होतं का?

पेशीवाली | रात्री ११:५८

अण्णा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. अगदी असंच होतं.

आंद्रे तारनाव्स्की नावाच्या संशोधकांनी १९९० च्या आसपास उंदरांचे 'भरलेले' अल्सर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वरून बघितलं तर जखम बंद, सगळं गुळगुळीत. कापून बघितलं तर नवं अस्तर पातळ, ग्रंथी फुगलेल्या नि वेड्यावाकड्या, केशवाहिन्यांची जाळी विस्कटलेली. अशी जागा पुन्हा फुटायला सोपी. तेव्हापासून जखम भरली की नाही याबरोबर ती कितपत चांगली भरली हेही बघायला लागले. जपानी डॉक्टर तर दुर्बिणीत दिसणाऱ्या व्रणाच्या पायऱ्याच मोजतात: ताजा, भरत आलेला, मग लाल वण, मग पांढरा वण. लाल वण म्हणजे छप्पर पडलंय पण खालचं काम अजून सुरू आहे.

सासऱ्यांना हे सांगा. दुखणं थांबणं आणि वण पांढरा होणं यांच्यात बराच काळ जातो.

रबाळे_शिफ्ट | मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, नाइट संपवून वाचतोय, एक शंका. लाळेत ईजीएफ असेल तर घास बत्तीस वेळा चावून खाल्ला की जखम लवकर भरेल? आणि गुटखा खाणाऱ्यांची लाळ तर दिवसभर गळत असते, त्यांचं पोट एकदम टकाटक पाहिजे मग!

पेशीवाली | सकाळी ८:०५

हाहा, परीक्षेत विचारायला हवा असा प्रश्न. ईजीएफचे रिसेप्टर पेशीच्या वरच्या, पोटाच्या पोकळीकडच्या बाजूला नसतात. ते असतात बाजूला आणि खालच्या अंगाला. अस्तर धड असेल तर लाळेतलं ईजीएफ वरून नुसतं वाहून जातं. अस्तर फाटलं की रिसेप्टर उघडे पडतात आणि मग ते कामाला येतं. रखवालदार म्हणा हवं तर. अस्तराची रोजची देखभाल मुख्यतः तिथेच तयार होणाऱ्या टीजीएफ-अल्फाकडे असते, असं मानतात.

चावून खाणं चांगलंच. पण त्याने अल्सर लवकर भरतो म्हणायला पुरावा नाही. तंबाखूचं उलट आहे, सिगारेट ओढणाऱ्यांचे अल्सर उशिरा भरतात. गुटख्याने पोटाचं जे व्हायचं ते होईलच, त्याआधी तोंडाचं काय होतं ते परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात जाऊन बघून या.

निसर्ग_आरोग्य_वाशी | सकाळी ९:१४

कुठलीही गोळी न घेता १०० टक्के नैसर्गिक ग्रोथ फॅक्टर! गाईच्या पहिल्या चिकापासून बनवलेल्या कोलोस्ट्रम कॅप्सूल. अल्सर, ॲसिडिटी, गुडघेदुखी, सर्वांवर एकच उपाय. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

सानपाडा_लोकल | सकाळी ९:२०

आले.

नौपाड्याचे_अण्णा | सकाळी ९:३३

चीक म्हणजे खरवसच ना? मग कॅप्सूल कशाला, वेलची-जायफळ घालून वडी द्या की.

पेशीवाली | सकाळी १०:४०

चिकाचं सगळंच खोटं नाही, म्हणून तर ते विकलं जातं. गाईच्या चिकात आयजीएफ, टीजीएफ-बीटा वगैरे खरोखर असतात. १९९९ मध्ये 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात प्लेफोर्ड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. इंडोमेथॅसिन या पेनकिलरने उंदीर-घुशींच्या जठर-आतड्याला होणारी इजा चिकाने कमी झाली होती. पण ते प्राणी होते, आणि पेनकिलरच्या आधीपासून चीक पाजलेला होता. माणसाच्या पोटात आधीच पडलेला अल्सर कॅप्सूलने भरतो, असं त्यावरून म्हणता येत नाही. एच. पायलोरीला तर त्याने ढिम्म फरक पडणार नाही.

खरवस खुशाल खा, पण औषध म्हणून नको. वाफेवर घट्ट होतो म्हणजे त्यातली प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंतलेली असतात, त्यांच्याकडून निरोप पोचवायची अपेक्षा कुठे ठेवता? आणि अण्णा, दुधाचा राहिलेला हिशोब. शिकागोच्या बर्ट्राम सिपींनी १९१५ मध्ये दर तासाला दूध आणि साय द्यायची पद्धत सुरू केली, पुढे कित्येक दशकं जगभर तीच चालली. दूध घशाखाली उतरताना थंड वाटतं, पण त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं थोड्या वेळाने जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. काका ऐंशी पार गेले ते दुधामुळे की दूध असूनही, कोण सांगणार!

वॉर्डमधला | दुपारी १:५५

मी फिजिशियन आहे, ठाण्यातच. पेशीवाली यांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं, ओपीडीत एवढं बोलायला खरंच वेळ मिळत नाही. रुग्ण तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, पण या केसमध्ये जे विचारून घ्यायला हवं ते लिहितो.

सगळ्यात आधी डायक्लोफिनॅक. धाग्यात त्याचं नाव एकदाच आलं आणि नंतर सगळे विसरले. ते अजून सुरू आहे का? या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं द्रव्य तयार होऊ देत नाहीत. जठराचा चिकट थर, त्यातलं बायकार्बोनेट, अस्तराचा रक्तपुरवठा हे सगळं त्या प्रोस्टाग्लँडिनवर चालतं. अल्सर पडतो तो असा. शिवाय भरतानाही त्या आडव्या येतात. व्रणाच्या कडेला कॉक्स-२ हे एन्झाइम वाढतं, नव्या रक्तवाहिन्या यायला ते लागतं, आणि पेनकिलर नेमकं तेच दाबतात. म्हणून "पोटाला सोसते" असं ऐकून औषधवाल्याकडून एटोरिकॉक्सिब आणू नका. ती निरोगी पोटाला तुलनेने कमी त्रास देते, पण उघड्या जखमेचा मामला वेगळा. उंदरांमध्ये निव्वळ कॉक्स-२ दाबूनही अल्सर भरायला उशीर झालेला दिसलाय. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, मलम, फिजिओथेरपी, जे जमेल ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. कंबर-गुडघ्यासाठी आणलेल्या आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या पुड्यांतही कधी कधी पेनकिलर किंवा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, तेही तपासा.

दुसरं, जठराचा अल्सर असेल तर ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण टाकायला बहुधा सांगतात, निदान या वयात तरी. पहिली बायोप्सी चांगली आली तरीही. कारण जठराचा कॅन्सर कधी कधी अल्सरचं सोंग घेऊन येतो, गोळ्यांनी थोडा भरल्यासारखाही दिसतो.

आणि शौच डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, किंवा पोटात एकदम सुरी खुपसल्यासारखं दुखलं, तर धागा वाचत बसू नका. कॅज्युअल्टीला जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तो निर्णय घरी बसून करू नका.

खाडीपलीकडचा | दुपारी ३:१०

डॉक्टर, आत्ताच सासूबाईंना फोन करून विचारलं. डायक्लोफिनॅक चालू आहे! रोज नाही, "फार दुखलं तरच". ती पोटाची गोळी मात्र बंद. म्हणजे अगदी उलटा कारभार. आज संध्याकाळी कळव्याला जातोय.

मेघमल्हार_ऐरोली | दुपारी ३:४८

पेशीवाली ताई, एक मूलभूत शंका. एवढं सगळं माहीत आहे, ईजीएफ प्रयोगशाळेत बनवताही येतं, मग ईजीएफचीच गोळी का नाही निघाली? मधुमेह्यांच्या पायाच्या जखमेवर ग्रोथ फॅक्टरची जेल असते असं ऐकलंय.

पेशीवाली | सायंकाळी ५:३०

हो, असते. पीडीजीएफची जेल आहे, ईजीएफचीही आहे. पण पाय बाहेर असतो. जेल लावली, पट्टी बांधली, ती तिथेच राहते. पोटात आम्ल, पेप्सिन आणि दर वीसेक सेकंदांनी येणारी आकुंचनाची लाट. प्रथिन पचवायलाच तो अवयव बनलाय. तिथे प्रथिनाचं औषध टिकवायचं म्हणजे मोठंच काम.

प्रयत्न झाले. कॅन्सरला नव्या रक्तवाहिन्या लागतात हे ठासून मांडणारे ज्यूडा फोकमन, त्यांच्या गटाने १९९१ मध्ये आम्लात टिकेल असं बदललेलं बेसिक एफजीएफ उंदरांना तोंडाने दिलं. आम्ल कमी न करताही ड्युओडिनमचे (जठरापुढच्या आतड्याच्या पहिल्या भागाचे) अल्सर भरले. त्याच कामात सुक्राल्फेटचा एक पैलू समोर आला. सुक्राल्फेटचं पांढरं-गुलाबी सिरप बऱ्याच घरांत असेल. ते व्रणावर थर धरतं हे ठाऊक होतंच, पण ते बेसिक एफजीएफलाही धरून ठेवतं आणि आम्लापासून वाचवतं. म्हणजे आपलंच ग्रोथ फॅक्टर जागेवर टिकवून धरणारं औषध आजीच्या कपाटात आधीपासून होतं. रेबामिपाइड हे जपानमधून आलेलं औषध प्रोस्टाग्लँडिन वाढवतं, प्राण्यांमध्ये ईजीएफ आणि त्याचा रिसेप्टरही वाढवतं. आपल्याकडेही ते मिळतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर. पेशीला "विभागत जा" म्हणणारं प्रथिन चांगली पेशी आणि बिघडलेली पेशी असा भेद करत नाही. अनेक कॅन्सरांत ईजीएफ रिसेप्टरच बेफाम झालेला असतो आणि तो अडवायला औषधं देतात. जठरातलंच उदाहरण घ्या. मेनेट्रिएर नावाचा एक दुर्मीळ आजार आहे, त्यात टीजीएफ-अल्फा जरुरीपेक्षा जास्त तयार होतं. जठराच्या वळ्या जाडजूड फुगतात, शरीरातलं प्रथिन पोटात गळू लागतं. त्यावर सेटक्सिमॅब दिलं जातं, म्हणजे ईजीएफ रिसेप्टर बंद करणारं कॅन्सरचंच औषध. पायाच्या त्या पीडीजीएफ जेलवरही २००८ मध्ये अमेरिकेत कॅन्सरबद्दल ठळक इशारा छापायला लावला होता, तो नंतर काढला. ज्या पोटात एच. पायलोरीने वर्षानुवर्षं मुक्काम ठोकलाय तिथे बाहेरून असली गोष्ट रोज ओतायची तर हात कापतोच.

शिवाय खरं सांगायचं तर आता तितकी गरजही उरलेली नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जंतू दाखवला, मार्शलनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन दाखवला, २००५ मध्ये नोबेल मिळालं. जंतू गेला, पेनकिलर सुटलं आणि आम्ल दबलं की बहुतेकांचे स्वतःचे ग्रोथ फॅक्टर पुरतात. पेशींवरच्या प्रयोगांत तर असं दिसलंय की एच. पायलोरीचे स्राव ईजीएफचा निरोप आत पोचण्यातच खोडा घालतात. म्हणजे जंतू मारणं हाही एका अर्थी ग्रोथ फॅक्टरचाच उपचार. मेव्हण्याला हे पाठवा.

रबाळे_शिफ्ट | सायंकाळी ६:१५

मग ठाण्याची झणझणीत मामलेदार मिसळ चालेल का?

वॉर्डमधला | रात्री ९:०२

तिखटाने अल्सर होत नाही, हे आता पक्कं आहे. पण उघड्या जखमेवर झोंबतं, तेव्हा झोंबत असेल तर थांबा, नसेल तर नावाला खा. तर्री मागू नका.

खाडीपलीकडचा | रात्री ११:३५

कळव्याहून परत आलो. खड्ड्यांचं उदाहरण सासऱ्यांना लगेच पटलं, पीडब्ल्यूडीतून निवृत्त आहेत. डायक्लोफिनॅकची स्ट्रिप सासूबाईंनी माझ्या हातात दिली, पॅन फॉर्टी उद्यापासून परत सुरू, मधल्या खंडाचं उद्या डॉक्टरांना कळवतो. आणखी दोन प्रश्न. जंतू गेला हे कसं कळणार, रक्त तपासायचं का? आणि हृदयात स्टेंट असल्यामुळे ते इकोस्प्रिन (ॲस्पिरिन) घेतात, तीही पेनकिलरच्याच जातीची ना? ती थांबवू का?

वॉर्डमधला | बुधवार, सकाळी ७:२०

इकोस्प्रिन तुम्ही थांबवू नका. स्टेंट असताना ती अचानक बंद केली तर हार्ट अटॅकची भीती असते, तो धोका पोटापेक्षा मोठा. जात तीच आहे हे बरोबर, म्हणूनच अशा माणसांना पोटाची गोळी पुढेही चालू ठेवावी लागते. हृदयाच्या डॉक्टरांना दुर्बिणीचा रिपोर्ट दाखवा आणि पोटाच्या डॉक्टरांना स्टेंटचे कागद. बऱ्याचदा दोघांनाही एकमेकांचं माहीतच नसतं.

जंतूसाठी रक्ततपासणी नको. अँटिबॉडी जंतू मेल्यावरही बराच काळ रक्तात राहतात. युरिया ब्रेथ टेस्ट करा, नाहीतर शौचातली अँटिजेन टेस्ट. अँटिबायोटिक संपून किमान ४ आठवडे व्हायला हवेत आणि पोटाची गोळी आधी २ आठवडे बंद लागते, नाहीतर जंतू असूनही नाही असा निकाल येऊ शकतो. ते २ आठवडे इकोस्प्रिन चालू असताना कसे काढायचे हे आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुन्हा दुर्बीण होणारच असेल तर तेव्हाच्या बायोप्सीतही बघता येतं, पण गोळीबद्दलचा तोच नियम तिथेही लागू आहे.